पगार महिन्याचा, संसार वर्षाचा

छत्रपती संभाजीनगर शहरातून जालना रस्त्याने पूर्वेकडे जाताना चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडले, की थोड्याच अंतरावर शेंद्रा औद्योगिक वसाहत सुरू होते. २००१ च्या सुमारास स्कोडाचा मोटार कारखाना येथे उभा राहिला, त्यापाठोपाठ सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग आले, आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या नियोजित नगरीचा पहिला टप्पा शेंद्र्यालाच उभारला गेला. या वसाहतीविषयी जे छापून येते ते बहुतेक गुंतवणुकीचे आकडे, भूखंडांचे वाटप आणि रोजगाराच्या घोषणा यांच्याभोवती फिरते. तेथे कामाला लागलेला माणूस हातात पडलेल्या पगारात बारा महिने कसे काढतो, हा प्रश्न मात्र त्याच्या घराच्या उंबऱ्याआडच राहतो.

कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या कुंभेफळ, शेंद्रा कामंगर, लाडगाव, करमाड या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत, आणि त्यांत जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे तशीच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली एकटी मुलेही राहतात. त्यांतील पुष्कळांची नोकरी कंत्राटी असते, म्हणजे काम कंपनीचे पण नेमणूक ठेकेदाराची, आणि काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्याने घेण्याची पद्धत सर्रास आहे. अशा घरातील काटकसर ही शहरी मध्यमवर्गात अधूनमधून येणाऱ्या ‘वर्षभर नवे काहीच विकत घ्यायचे नाही’ अशा व्रतापेक्षा अगदी निराळी असते, कारण व्रत मोडण्याची मुभा व्रत करणाऱ्याला असते आणि येथे ती नसते. या काटकसरीकडे नीट पाहिले, तर तिची खरी अडचण खर्च जास्त असण्यात कमी आणि पैसा चुकीच्या महिन्यात येण्यात अधिक आहे, असे दिसून येते.

कुटुंबाच्या खर्चाचा अभ्यास ही तशी जुनी विद्या आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून असा नियम मांडला, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. एंगेलचा नियम म्हणून तो आजही शिकवला जातो. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा तेथेही निम्म्याहून अधिक पैसा पोटालाच जात असल्याचे आढळले. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवण्यासाठी एक सूत्र मान्य केले, आणि ‘यापेक्षा कमी पैशांत संसार होऊ शकत नाही’ ही रेषा आकड्यांत आखली गेली. आहारतज्ज्ञ वॉलेस आयक्रॉइड यांच्या मापानुसार प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसह किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचा पाचवा हिस्सा, असे ते सूत्र होते. कुटुंब तीन ‘उपभोग एककां’चे धरले होते: पुरुष १, स्त्री ०.८ आणि दोन मुले मिळून १.२. स्त्रीला पुरुषाहून पाचव्या हिश्शाने कमी लागते हे गृहीतक, दिवसभर पाणी, सरपण आणि शेतमजुरी उरकणाऱ्या मराठवाड्यातील बाईला लावून पाहिले असते तर परिषदेला कदाचित पुन्हा बसावे लागले असते. आणि गावाकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांना तर या सूत्रात जागाच नव्हती. शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, ही भर पुढे सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात घातली.

आता पगारपत्रकाकडे वळता येईल. ठरलेला पगार आणि हातात पडणारा पगार यांत अंतर असते, ते तीन कपातींमुळे. भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के, कर्मचारी राज्य विम्यासाठी एकूण वेतनाच्या ०.७५ टक्के, आणि दहा हजारांवर वेतन असलेल्या पुरुष कामगाराकडून दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कर, अशा त्या कपाती आहेत. समजुतीसाठी एक नमुन्याचा हिशेब मांडू, जो कोणा एका घराचा नाही पण अशा घरांच्या बेताचा आहे. एकूण वेतन १५,००० रुपये आणि त्यांतील मूळ वेतन-भत्ता १३,००० धरला, तर निधीला १,५६०, विम्याला ११३ आणि करापोटी २०० जाऊन हातात सुमारे १३,१०० रुपये पडतात. घरातील बाईला जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे १,५०० रुपये मिळत असतील, तर महिन्याची जमा १४,६०० होते. दिवाळीला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाने, एक महिन्याच्या मूळ वेतनाइतका, १३,००० रुपये. वर्षाची एकूण जमा १,८८,२०० रुपये.

खर्चाच्या बाजूला खोलीचे भाडे ३,०००, वीज ४००, अर्धा लिटर दुधाचे ९००, किराणा ३,०००, भाजीपाला १,५००, गॅस सरासरीने ६००, पेट्रोल १,२००, मोबाइल ५००, पिण्याच्या पाण्याचे जार ३०० आणि शाळेचा चालू खर्च ६०० असे धरले, तर महिना बरोबर १२,००० रुपयांत बसतो. म्हणजे दरमहा २,६०० रुपये उरतात. हे वाचून कोणालाही वाटेल की घर सुखात आहे. आणि येथेच महिन्याचा हिशेब माणसाला फसवतो. कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च या यादीत नाहीत: उन्हाळ्यात भरायचे धान्य ९,०००, जूनमधील शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश ८,०००, दिवाळीचे कपडे व फराळ १०,०००, लग्नांतील आहेर, गावाकडच्या फेऱ्या, चैत्रातील येथील मांगीरबाबाच्या जत्रेच्या निमित्ताने येणारे पाहुणे मिळून ८,०००, आजारपण ५,००० आणि दुचाकीचा विमा-दुरुस्ती ३,५००. बेरीज ४३,५०० रुपये. वर्षाच्या शिलकीतून (बोनससह ४४,२००) ती वजा केली, की उरतात ७०० रुपये.

सातशे रुपये का होईना, पण वर्ष फिटले, असे कागदावर दिसते. आता हेच वर्ष गुढीपाडव्यापासून महिन्यांच्या क्रमाने मांडून पाहावे. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांची शिल्लक ७,८०० रुपये होते. त्याच तीन महिन्यांत धान्य आणि शाळा मिळून १७,००० रुपये लागतात. जून संपताना ९,२०० रुपयांचा खड्डा पडलेला असतो, आणि तो भरणारा बोनस चार महिने लांब असतो. मधल्या महिन्यांची शिल्लक आजारपण, गाडीचा विमा, पोळा, गौरी-गणपती यांत जाते आणि मुद्दल दिवाळीलाच फिटते असे धरले, तर खाजगीत शेकडा तीनने, म्हणजे दरमहा शंभराला तीन रुपये दराने, उचललेल्या या रकमेचे चार महिन्यांचे व्याज १,१०४ रुपये होते. सातशेची शिल्लक गेली आणि वर्ष चारशे रुपयांनी तुटीत आले. घरात कोणी उधळपट्टी केलेली नाही, कोणी दारू प्यायलेले नाही, एकही वस्तू चैनीची आणलेली नाही. फक्त पैसा लागतो जूनमध्ये आणि येतो कार्तिकात. परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या ऋणकोकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ नये असे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखालचे दर सांगतात, आणि शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पण उसनवारीच्या या व्यवहारात परवाना आणि पावती या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

हा खड्डा ज्या घरांना पडत नाही, त्यांचे रहस्य बहुधा खाटेखाली असते. मराठवाड्यात ‘वर्षाचे धान्य भरणे’ ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत आहे. रब्बीचा गहू आणि ज्वारी घरात येते, तेव्हा मोंढ्यात भाव पडलेले असतात, आणि त्या वेळी वर्षाची बेगमी करून ठेवली की पावसाळ्यातील चढ्या भावांचा फटका बसत नाही. चार माणसांच्या घराला वर्षाला तीन क्विंटल धान्य धरले, तर पन्नास किलोचे सहा कट्टे होतात. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत ते ठेवणे ही स्वतंत्र कला आहे. गहू आधी निवडून, मेच्या उन्हात दोन-तीन दिवस चांगला तापवून, गार झाल्यावर त्याला एरंडेल तेलाचा हात लावतात. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. मग पत्र्याच्या कोठीत भरून झाकणाला वरून कापड बांधतात, आणि कोठीत न मावलेले कट्टे ओल लागू नये म्हणून विटांवर फळी टाकून खाटेखाली सरकवतात. ज्यांच्या खोलीवर पत्रा आहे आणि गच्ची नाही, त्यांना धान्य वाळवायलाही घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. कुरडया, शेवया, पापड, सांडगे ही वाळवणेही याच उन्हात होतात. त्यांना हौसेचे पदार्थ मानण्याची चूक शहरात होते. भाजी महाग होणाऱ्या आषाढ-श्रावणात सांडग्यांची आमटी आणि भाकरी हे एक पूर्ण जेवण असते.

यातील पुष्कळ कट्टे विकत घेतलेले नसतात. ते गावाहून येतात. वडिलांच्या किंवा भावाच्या दोन-चार एकरांतील गहू, ज्वारी, तुरीची डाळ, कधी शेंगदाणे, कधी एखादा डबा तूप, असे सामान उन्हाळ्यात एसटीच्या टपावरून किंवा गावच्या टेम्पोतून शेंद्र्याच्या खोलीपर्यंत पोहोचते. नमुन्याच्या हिशेबात धान्याचे ९,००० रुपये आहेत आणि जूनचा खड्डा ९,२०० रुपयांचा आहे, हे पाहिले म्हणजे या गावच्या कट्ट्यांची खरी किंमत लक्षात येते: ते आले तर घर कर्जाशिवाय वर्ष काढते, पाऊस दगा देऊन ते आले नाहीत तर काढत नाही. कारखान्याच्या पगारावर चालणारे हे घर अशा रीतीने कोरडवाहू शेतीच्या पावसावर टेकलेले असते. वेगळ्या भाषेत सांगायचे, तर शेंद्र्यातील उद्योगाला मिळणाऱ्या स्वस्त श्रमाच्या किमतीचा एक भाग हिंगोली-परभणीतील शेतकरी बाप भरतो, आणि कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद होत नाही.

सरकारी धान्य या जागी उपयोगी पडावे अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्णपणे मोफत आहे. परंतु महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे, आणि वर्षाला पावणेदोन लाख मिळवणारे कामगाराचे घर या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. कागदोपत्री त्याला पांढरी शिधापत्रिका लागू होते, जी एक लाखाहून अधिक उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. प्रत्यक्षात अनेकांची नावे गावच्या केशरी पत्रिकेवर वडिलांच्या कुटुंबात तशीच राहिलेली असतात. मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी पत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना पूर्वी सवलतीचे धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात माणशी महिन्याला १५० आणि पुढे १७० रुपये जमा होऊ लागले. धान्याचा भाव वाढतो तसा हा आकडा आपोआप वाढत नाही, हे सांगायला नको.

ज्वारीचीही एक उलटी गंमत झाली आहे. एके काळी ज्वारीची भाकरी हे गरिबाचे आणि गव्हाची पोळी हे सणाचे अन्न होते. आता चांगली शाळू ज्वारी बाजारात अनेकदा गव्हाहून महाग मिळते आणि रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच येतो. परिणामी काटकसर करणाऱ्या घरात भाकरी कमी होऊन पोळी वाढली, आणि भाकरी शहरातील हॉटेलांच्या ताटात जाऊन बसली.

कमी पैसे असणाऱ्याला तीच वस्तू महाग पडते, हा गरिबीचा भुर्दंड येथे पावलोपावली दिसतो. तेलाचा पंधरा लिटरचा डबा एकदम घेणाऱ्याला लिटरमागे जो भाव पडतो, त्याहून जास्त भाव पाव किलो सुटे तेल नेणाऱ्याला पडतो. पाच रुपयांच्या चहापुडीचेही तेच. (शॅम्पूच्या पुडीचे मात्र तसे नाही, ती मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्तच असते, तेव्हा ‘पुडी म्हणजे नुकसान’ हा सरसकट उपदेश खरा नाही.) किराणा दुकानदाराच्या वहीवर घेतलेल्या मालाला व्याज लागत नाही हे खरे, पण वही चालू असेपर्यंत दुसऱ्या दुकानात जायची सोय उरत नाही, आणि शहरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा जाधववाडीच्या मंडईत चार पैसे कमी पडले तरी ते रोखीने मोजावे लागतात. विजेचे गणित याहून चमत्कारिक आहे. महावितरणचा सर्वांत कमी दर पहिल्या १०० युनिटांना असतो, आणि एका खोलीचा वापर सहसा तेवढ्यातच बसतो. पण दहा खोल्या मिळून घरमालकाचे एकच मीटर असेल, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि भाडेकरूला उपमीटरप्रमाणे युनिटमागे तोच चढा दर मोजावा लागतो.

गॅसबाबतीत शेंद्र्याला एक योगायोग लाभला आहे. ऑरिक नगरीतील ‘ऑरिक हॉल’ या इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी तेथेच बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावा भरला होता, आणि उज्ज्वला योजनेतील देशातील आठ कोटीवी गॅस जोडणी त्या मेळाव्यात पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. जोडणी मिळणे आणि दर दीड महिन्याला टाकी भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतरच्या वर्षांत सगळ्यांच्याच लक्षात आले. कायमचा पत्ता नसलेली एकटी मुले पाच किलोची लहान टाकी वापरतात; तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण किलोमागे तिचा गॅस घरगुती टाकीहून महाग पडतो.

राहणे आणि येणे-जाणे यांचा एकत्र विचार न केल्याने पुष्कळ घरे नुकसान सोसतात. मुकुंदवाडीत जुनी, थोडी स्वस्त खोली मिळते म्हणून तेथे राहणारा कामगार रोज जाऊन-येऊन २४ किलोमीटर मोटारसायकल चालवत असेल, तर महिन्याच्या २६ दिवसांत ६२४ किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तरी हा खर्च १,३०० रुपयांवर जातो. कंपनीची बस ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरची खोली दोनशे रुपयांनी महाग असली तरी स्वस्तच ठरते. तसेच कॅन्टीनचे. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह हवे, हा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आला आहे, आणि तेथील सवलतीचे जेवण हे कामगाराच्या दिवसातील सर्वांत भरीव जेवण असते. घरी राहिलेल्यांच्या ताटाला त्याचा लाभ होत नाही.

घरातील ताटाचा प्रश्न एंगेलच्या नियमापाशी परत नेतो. नमुन्याच्या हिशेबात दूध, भाजी, किराणा आणि धान्य मिळून वर्षाला ७३,८०० रुपये जातात, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ३९ टक्के, आणि किराण्यातील साबण-सोडा वगळला तर त्याहूनही कमी. २०२३-२४ च्या केंद्रीय घरखर्च पाहणीत शहरी भारतातील अन्नाचा सरासरी वाटा ३९.६८ टक्के आणि ग्रामीण भारतातील ४७.०४ टक्के होता. एंगेलच्या मापाने हे घर शहरी सरासरीइतके सुस्थितीत ठरते. पण याच घराचा माणशी मासिक खर्च ३,९०६ रुपये आहे, आणि त्याच पाहणीतील सरासरी ग्रामीण भागात ४,१२२ व शहरी भागात ६,९९६ रुपये होती. खर्च खेड्याहून कमी आणि अन्नाचा वाटा शहरासारखा, याचा अर्थ घर श्रीमंत झाले असा नसून भाडे, पेट्रोल, मोबाइल आणि शाळा हे खर्च ठरल्या तारखेला भागवावेच लागतात आणि कात्री लावायला फक्त ताट उरते, असा आहे. आधी फळे जातात, मग दुधाचे अर्ध्या लिटरवरून पावशेर होते, मग वरणातील डाळ पातळ होते. आणि सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला ठेचा-भाकरी येते, जिला काटकसर असे नाव देणे सोयीचे असले तरी ते कुपोषण आहे.

शाळेच्या निवडीचा संबंध याच ताटाशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि दुपारचे पोषण आहाराचे जेवणही मिळते. खाजगी इंग्रजी शाळेत फी भरून या दोन्ही गोष्टींवर पाणी सोडावे लागते. तरीही पालक इंग्रजी शाळेकडे वळतात, कारण आपल्या मुलाने ठेकेदाराच्या हजेरीवर नाव लावू नये एवढीच त्यांची इच्छा असते. या खर्चाला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही.

‘काहीच शिल्लक पडत नाही’ ही अशा घरांतील नेहमीची तक्रार मात्र पूर्ण खरी नाही. भविष्यनिर्वाह निधीत कामगाराचे महिन्याला १,५६० रुपये, म्हणजे वर्षाला १८,७२० रुपये जमा होतात, मालकाच्या अंशदानातील ३.६७ टक्के त्यात पडतात, उरलेले ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे जातात, आणि २०२४-२५ साठी निधीवरील व्याज ८.२५ टक्के होते. एवढे व्याज सामान्य माणसाला सुरक्षितपणे दुसरीकडे क्वचितच मिळते. गळती होते ती ‘ब्रेक’च्या काळात: पगार थांबतो, आणि निधी काढून घेतला जातो. दर दोन-तीन वर्षांनी खाते असे रिकामे होत राहिले, तर तिशीतला कामगार पन्नाशीला पोहोचेपर्यंत हाती काही लागत नाही.

बाकीची बचत बायकांच्या हातून होते. बचत गटात दहा ते वीस जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि त्याच पैशांतून एकमेकींना कर्ज देतात; व्याज पुष्कळदा शेकडा दोन असते, पण ते गटातच राहून शेवटी सगळ्यांच्या वाट्याला येते. जूनचे ९,२०० रुपये गटातून उचलले तर चार महिन्यांचे व्याज ७३६ रुपये, म्हणजे सावकारापेक्षा ३६८ रुपये कमी. भिशी याहून सोपी असते, पण नोंदणी नसलेली भिशी बुडाली तर दाद मागणे अवघड जाते. आणि जादा व्याजासाठी पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे, की ठेव विम्याचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकेतील ठेवींना आहे, पतसंस्थेतील ठेवींना नाही.

आजारपण हा वर्षाचा हिशेब उधळणारा सर्वांत मोठा खर्च असला, तरी महिन्याला ११३ रुपये देणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला राज्य विम्याखाली उपचार मिळतात आणि चिकलठाण्याला कामगार विमा रुग्णालय आहे. ओळखपत्र न काढल्याने किंवा रांगेत दिवस मोडतो म्हणून लोक खाजगी दवाखान्यात जातात, आणि मोठे दुखणे निघाले की शेवटी ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. आजारपणाच्या रजेतील वेतनासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, ही अट ब्रेकवर पाठवल्या जाणाऱ्यांना नेमकी आडवी येते.

महिन्याच्या पगारापेक्षा मोठ्या खर्चाला तोंड द्यायला या घरांकडे आणखी एक साधन असते, ते म्हणजे ओटी. जादा कामाला दुप्पट दर हा कायद्याचा नियम आहे, पण तो मिळाला तरी मंदीत सर्वांत आधी ओटीच बंद होते, म्हणून तिच्या भरवशावर शाळेची फी ठरवता येत नाही. बोनसचे तसे नाही. तो ठरलेला आहे, वर्षातून तीस दिवस काम केलेल्या कंत्राटी कामगारालाही लागू आहे, आणि हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यावा, एवढेच १९६५ च्या कायद्यापासून चालत आलेले बंधन आहे. दिवाळी हा रिवाज आहे, कायदा नाही. बोनसचा काही भाग आधी दिला तर तो नंतरच्या रकमेतून वळता करून घेण्याची सोयही कायद्यात आहे. वर मांडलेल्या हिशेबात १३,००० पैकी ९,२०० रुपये मेअखेर मिळाले, तर घराला जूनमध्ये कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि व्याजाचे १,१०४ रुपये वाचतात. दिवाळीला उरलेल्या ३,८०० रुपयांत कपडे भागत नाहीत, पण मधल्या चार महिन्यांत कर्जाची टांगती तलवार नसल्याने त्यासाठी थोडे थोडे बाजूला टाकता येते. शेंद्र्यातील कंपन्यांच्या वेतन विभागांनी, ठेकेदारांनी आणि कामगार संघटनांनी पुढच्या करारात दराबरोबर या तारखेचाही विचार करावा.